ओटीत घातलेलं पोर

"पोर पळवलं! माझ्या भावाचं पोर पळवलं वो!" असं ओरडत तो माणूस मार्गासनीच्या चौकीत शिरला तेव्हा मी दाढीला साबण लावून बसलो होतो. नोकरी संपली, पेन्शनही जुनी झाली, पण ती आरोळी अजून कानात आहे. अर्धी दाढी तशीच ठेवून मी उठलो.

तेव्हा मोठी लढाई चालू होती आणि भोर संस्थान अजून विलीन व्हायचं होतं. मी वेल्ह्याकडच्या भागात जमादार होतो. मूळचा तापीकाठचा. मराठी चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. एका ओळखीच्या कंत्राटदारामागून इकडे आलो आणि संस्थानने मला शिपाई म्हणून ठेवून घेतलं. ना नात्याचं, ना गावचं कुणी इथे. तरी या डोंगरातल्या लोकांनी मला जेवायला घातलं, वरिष्ठांनी बढती दिली. हे उपकार मी विसरलेलो नाही. पण मनात धास्ती कायम असायची, की आपल्या कमी शिक्षणापायी काही तरी चुकायचं आणि हा भाकरतुकडा जायचा. म्हणून मी एक शिस्त लावून घेतली होती. कुणाचाही जबाब घेतला की तो त्याला दोनदा वाचून दाखवायचा, आणि दुसऱ्यांदा वाचताना पोलीस पाटील हजर ठेवायचा. लोक कंटाळायचे. कंटाळू देत!

तर फिर्यादीची हकीकत अशी होती. त्याचा धाकटा भाऊ डोंगरात गवत कापताना पडून वारला. मागे बायको आणि तान्हं पोर राहिलं. वर्षाच्या आत बायकोही तापाने गेली. पोराला शेजारणीने सांभाळलं. आता पोर चार वर्षांचं झालं होतं आणि चुलता त्याला स्वतःच्या घरी न्यायला म्हणून गेला, तर शेजारीण पोरासकट गायब.

"इतकी वर्षं का नाही नेलंत?" मी विचारलं.

"आवो, बाईमानसाकडं बरं आसतंय ल्हान पोर. आता मोटं झालं. आपलं रगात हाय, सायेब. आपुन न्हाई बगायचं तर कुनी?"

बोलणं रास्त वाटलं. मी फिर्याद लिहून घेतली, दोनदा वाचली, अंगठा घेतला आणि शिपायाला घेऊन वाडीवर गेलो. चुलताही बरोबर आला. शिपाई त्याच भागातला, वयाने मला वडील, आणि बोलण्यात मिरचीसारखा.

शेजारणीचा नवरा ओट्यावर बसून अंबाडीच्या वाखाची दोरी वळत होता. ना मूल ना बाळ, दोघंच माणसं.

"बायको कुठे आहे?" मी विचारलं.

"गेली आसंल."

"कुठे?"

"सायेब, लगीन झाल्यापासनं ती कवा मला इचारून गेलीय? पान्याला जाते म्हनती आन् चार घरं हिंडून येती."

शिपाई पुढे झाला. "नाना, चेष्टा न्हाई. पोर पळवल्याचा गुना हाय. खडी फोडाय जावं लागंल."

"जाईन की. थितं भाकरी मिळती नव्हं? हितं तर आज चूलच पेटली न्हाई."

खोटं बोलणाऱ्या माणसाचे हात थबकतात, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं. याचे उलट जोरात चालले होते. दोरी नुसती भरभर लांबत होती. माणूस घाबरलेला आहे, पण सांगणार नाही, हे मी ओळखलं.

पंचनामा चालू असताना हिरड्याची पाटी घेतलेली एक बाई गर्दी बघून थांबली. शिपायाने तिला सहज विचारलं, वाटेत कुणी भेटलं का? ती म्हणाली, "भेटली की. उजाडताना विंझरच्या अंगाला एक बाई गाठोडं घेऊन निगालीवती. पन संगं पोरगा न्हवता, पोरगी व्हती. लाल फीत लावून येनी घातलेली. ग्वाड पोर."

चुलत्याने हात झटकले. "मंग ती न्हवं. आमचा पोरगा हाय."

मी सहज, अगदी सहज विचारलं, "पोराचे केस कसे आहेत?"

"केस? आसत्यात तसंच. काळं."

"लांब का आखूड?"

"आता पोराचं केस आखूडच आसनार की वो!"

ओट्यावरून खिंकाळल्यासारखं हसू आलं. "ह्यो चुलता! पुतन्याचं डोस्कं कसं हाय त्ये ठावं न्हाई, आन् निगालाय पोर सांबाळाय!"

म्हाताऱ्याने जीभ चावली, पण बाण सुटला होता! मी त्याच्यापुढे जाऊन बसलो. "जावळ काढलेलं नाही त्याचं. होय ना?"

वाख खाली पडला. "न्हाई काडलं," तो हळू आवाजात म्हणाला.

म्हणजे हिरड्यावालीने पाहिलेली ती 'पोरगी' आमचाच पोरगा होता! विंझरवरून पुढे नसरापूर, पण तिथे पोलीस नाका. हुशार बाई नाका टाळणार, आडवाटेने कापूरहोळला निघणार आणि भोरहून पुण्याला जाणारी सर्व्हिस मोटार धरणार. पुण्याच्या बाजूला काही मैलांवर संस्थानची हद्द संपत होती. एकदा ती इंग्रजी मुलखात गेली, की कागद इकडून तिकडे फिरत बसणार आणि पोर पुण्याच्या गर्दीत विरघळणार.

चौकीची एकच सायकल होती. मी सायकलवर, शिपाई मागच्या कॅरिअरवर. खाचखळग्यांचा रस्ता, उन्हाचा कडाका. चढ आला की शिपाई उतरून ढकलायचा, उतार आला की पळत येऊन उडी मारायचा. "सायेब, ह्यापरास म्हशीवर बसून पोचलो आसतो!" असं तो दर खड्ड्याला म्हणत होता. माझं लक्ष सगळं पुढे. मोटार सुटली असेल का? नसेल का? छातीचे ठोके पायडलच्या तालात पडत होते.

कापूरहोळचा फाटा दिसला आणि मी ओरडलोच. मोटार उभी होती! लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून त्या गाड्या कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागे लोखंडी शेगडी बसवलेली असायची. त्या दिवशी कोळसा दमट निघाला होता. क्लीनर घामाघूम होऊन शेगडीचा पंखा फिरवत होता, धूर निघत होता आणि उतारू त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मी मनातल्या मनात त्या दमट कोळशाला हात जोडले.

मागच्या बाकावर पदर ओढून एक बाई बसली होती. मांडीवर लाल फितीची वेणी.

"मावशे, उतरा खाली," शिपाई म्हणाला.

"का म्हनून? म्या तिकीट काडलंय."

"ह्ये पोर कुनाचं?"

"माजी लेक हाय."

तेवढ्यात मांडीवरची ती लेक ताडकन उभी राहिली आणि संतापून म्हणाली, "म्या पोरगी न्हाई! म्या बाप्या हाय, बाप्या!"

अख्खी मोटार हसली. कुणी म्हणालं, "व्हय रं, मिशा तेवड्या इसरल्यात जनू!" बाई मात्र हसली नाही, रडलीही नाही. तिने पोराला छातीशी असं धरलं की शिपायाचा पुढे झालेला हात मागे आला. मीच म्हणालो, "आई, तुम्हीच घेऊन चला त्याला. आम्ही हात लावत नाही." तेव्हा ती उतरली. नसरापूरपर्यंत आम्ही चालत गेलो आणि तिथून परत बैलगाडीने. पोर सगळा वेळ शिपायाच्या शिट्टीवर खूश.

दुसऱ्या दिवशी चौकीत तिचा जबाब घेतला. बाईमाणूस, म्हणून पोलीस पाटलाच्या बायकोला शेजारी बसवलं. मला वाटलं होतं ती आढेवेढे घेईल. ती तर उलट मलाच विचारू लागली.

"पळवलं म्हन्ता? आपलंच पोर कुनी पळवतंय व्हय?"

"तुमचं कसं?"

मग तिने सांगितलं. पोराच्या आईची आधीची बाळं जगली नव्हती. हे पोर झालं, बाप लगेच गेला, आणि पोरही दूध टाकू लागलं. तेव्हा आईने इकडच्या रिवाजाप्रमाणे केलं. सुपात कोंडा पसरून त्यावर पोर ठेवलं, सूप उंबऱ्याबाहेर सरकवलं आणि शेजारणीच्या ओटीत पोर घातलं. "ह्ये तुजं, माजं न्हाई," असं मोठ्याने म्हणायचं, म्हणजे काळाची नजर त्या आईवरून उठते. मूल तगलं, की जावळाच्या दिवशी आईने मापभर नाचणी आणि एक खण देऊन ते परत विकत घ्यायचं. तोवर केसाला कात्री लावायची नाही.

"मंग जावळाच्या आदीच ती गेली," बाई म्हणाली. "इकत घ्याया कुनी आलंच न्हाई. आता सांगा, पोर कुनाचं?"

पोलीस पाटलाच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी कागदाकडे. अपहरणाच्या कलमात याचं उत्तर नव्हतं. मी पोर तिच्याकडेच ठेवलं, पाटलाच्या नजरेखाली, आणि कागद भोरला पाठवायची तयारी केली.

आणि मग चक्र फिरलं! मध्ये भोरला जाऊन आलेला चुलता चौकीत हजर झाला, तो हातात गुळाची ढेप घेऊन. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"सायेब, माजी तक्रार न्हाई. माजी चूक झाली. वयनीनं पोर तिच्याच ओटीत घातलंय, कायमचं, दत्तक दिल्यावानी. म्या सोता साक्षीला व्हतो. तिचंच पोर. तिच्या दाल्ल्याचं नाव लावा. मला काय त्याची गरज न्हाई."

शिपाई माझ्या कानाशी म्हणाला, "ह्याला एकदम देव कुठं भेटला?"

माझ्याही मनात तेच. माणूस वाईटाचा चांगला होतो, नाही असं नाही. पण हळूहळू होतो. एका खेपेत भोरहून चांगुलपणा घेऊन येणारा माणूस मी पाहिला नव्हता. तरी लिहून घेणं माझं काम. तो म्हणाला तसा जबाब शब्दशः लिहिला. दोनदा वाचून दाखवला. पाटलासमोर अंगठा घेतला. तो आनंदाने अंगठा देऊन गेला. ढेप मात्र त्याच्याबरोबरच परत पाठवली.

कागद घेऊन मी स्वतः भोरला गेलो आणि सरकारी वकिलांपुढे उभा राहिलो. विद्वान माणूस, पण माझ्यासारख्याला समोर बसवून घेणारा.

"जमादार, या पोराला काही जमीन?"

"ओढ्याकाठची भाताची खाचरं आहेत, साहेब. बापाची. चुलताच कसतो. पोराच्या वाट्याचं भात कधी पोचवतो, कधी नाही."

"आणि लढाईमुळे भाताचा भाव आभाळाला. बरं. मुलगा दत्तक गेला, की तो जन्मदात्या घराला परका. नाव नवं, वाटा नवा. बापाचं शेत मागे राहतं. मग जवळचा वारस कोण?"

"चुलता," मी म्हणालो, आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. आधी पोर ताब्यात घेऊन त्याचा पालक व्हायचं म्हणत होता. म्हणजे शेत नुसतं हाताखाली राहिलं असतं. कुणी तरी त्याला भोरात सांगितलं, अरे, पोर दत्तक गेल्याचं सिद्ध झालं तर शेतच तुझं!

"आणि शेजारणीला नुसतं पालक नेमलं तर?" मी विचारलं.

"मग मुलगा बापाचाच, शेत मुलाचंच. पालक म्हणजे राखणदार. मूल सज्ञान झालं की हात जोडून बाजूला व्हायचं. पण एक लक्षात ठेवा. पालक नेमताना कोर्ट आधी रक्ताचं नातं बघतं. तिलाच नेमतील याची हमी मी देत नाही, तुम्हीही देऊ नका."

परत येताना माझी जुनी धास्ती पुन्हा डोकावली. साक्षीदाराला शिकवलं असा ठपका आला तर? पण वकिलांनी सांगितलं तेवढंच, शब्द न वाढवता सांगायला काय हरकत? मी पाटलासमोर नवरा-बायकोला बसवलं आणि सांगितलं. दोन वाटा आहेत. ओटीत घातलं ते कायमचं होतं असं म्हटलंत, तर चुलताही तुमच्याच बाजूने साक्ष देईल, पोर तुमचं, तुमच्या नावाचं, पुन्हा कुणी मागणार नाही. पण बापाच्या शेतावरचा त्याचा हक्क जाईल. परत घेण्याच्या बोलीने होतं असं म्हटलंत, तर शेत राहील. पण पोर तुमच्याकडे राहील की नाही ते कोर्ट ठरवील.

नवरा लगेच म्हणाला, "शेत जाऊंदे की खड्ड्यात! पोर हाय नव्हं? आपल्या तुकड्यावर खाईल चतकोर."

ती उसळली. "आपला तुकडा? त्यात दगूड पिकत्यात! त्याच्या बापानं त्या खाचरातला चिखल तुडवला, त्ये ह्या डोळ्यांनी बगितलंय म्या."

"आन् पोर गेलं म्हंजी? मंग बस बांद राखत!"

तिने त्याच्याकडे पाठ केली. मग मला म्हणाली, "सायेब, दत्तक म्हनलं तर त्यो माजा मुलगा म्हनून लिवत्यात?"

"हो. तुमच्या नवऱ्याचं नाव लागेल. अग्नी द्यायचा हक्कही त्याचाच."

"आन् पालक म्हनलं तर?"

"तर तुम्ही पालक."

"म्हंजी कुनीच न्हाई," ती म्हणाली आणि उठून गेली. काय ठरवलं ते तिने सांगितलं नाही, आणि विचारणं माझं काम नव्हतं.

भोरच्या कोर्टात तारीख लागली. वाडीतली निम्मी माणसं चालत आली होती. चुलता धुतलेला फेटा बांधून पुढेच बसला होता. न्यायाधीशसाहेबांनी बाईला उभं केलं आणि साधाच प्रश्न विचारला. "मुलाच्या आईने मूल तुम्हाला दिलं ते कायमचं दिलं, की परत घ्यायच्या बोलीने?"

मी दाराशी उभा होतो. तिने चुलत्याकडे पाहिलं. तो मान हलवून खूण करत होता, म्हण, म्हण कायमचं! पोर नवऱ्याच्या कडेवर पेंगत होतं.

"परत घ्यायच्या बोलीनं, म्हाराज," ती म्हणाली. "ती जगली आसती तर घेऊन गेली आसती. म्या न्हाई म्हनू शकले नसते."

कोर्टात एकच कुजबुज उठली. चुलता ताडकन उभा. "मंग पालक म्या व्हनार! म्या सख्खा चुलता हाय! रगात हाय माजं!"

साहेबांनी माझ्याकडे हात केला. मी पुढे होऊन चुलत्याच्या जबाबाचा कागद त्यांच्या हातात दिला. साहेबांनी तो सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. "'तिचंच पोर. मला काय त्याची गरज न्हाई.' हा अंगठा तुमचाच ना?"

चुलत्याने फेटा सावरला. "त्ये... त्ये माज्या वकिलानं..."

"ज्याला गरज नाही त्याच्या गळ्यात कोर्ट मूल घालत नाही," साहेब म्हणाले. त्यांनी बाईला पालक नेमलं. खाचरांचं उत्पन्न दर साल कोर्टात दाखवायचं, शेत विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही. अपहरणाची फिर्याद निकाली. माझ्यामागे उभा असलेला शिपाई इतका खूश झाला की त्याने कोर्टाच्या दारातच शिट्टी फुंकली आणि बेलिफाच्या शिव्या खाल्ल्या.

मग कारकून नेमणुकीचा कागद भरू लागला. पालकाचं नाव, गाव, वय. पुढे त्याने मान वर न करता विचारलं, "अज्ञानाशी, म्हणजे मुलाशी, नातं?"

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पुटपुटला, "लिवा की शेजारीन."

"शेजारीण हे नातं नाही," कारकून म्हणाला. "चुलती, मामी, आत्या, काही आहे का?"

"न्हाई," ती म्हणाली. "न्हाई म्हनून लिवा."

पुढे फौजदार होऊन निवृत्त होईपर्यंत मी किती तरी जबाब लिहिले. शेतासाठी भाऊ झालेले, भाचे झालेले, एकदा तर मेलेल्याची बायको होऊन आलेली बाईही पाहिली. त्या खटल्याने मला एक माप दिलं, ते शेवटपर्यंत उपयोगी पडलं. माणसाचं बोलणं खरं की खोटं हे त्याच्या डोळ्यांवरून कळत नाही, शपथेवरून तर नाहीच. ते बोलल्याने त्याचं स्वतःचं काय जातं ते बघावं. चुलत्याच्या दोन्ही जबाबांत त्याचं काहीच जात नव्हतं. त्या बाईच्या एका वाक्यात तिचं सगळं पणाला लागलं होतं.

कारकुनाने लिहिलं, 'नातं: नाही.' शाईची गादी पुढे सरकवली. बाईने अंगठा उठवला, बोट पदराला पुसलं, आणि नवऱ्याच्या कडेवरून झोपलेलं पोर उचलून खांद्यावर घेतलं. "दे हिकडं," ती म्हणाली, "तुला धड धरताबी येत न्हाई."